ब्रेकमामा आणि वाकडी गाडी

ब्रेकमामाची भाचीशी पहिली भेट झाली तेव्हा ती अर्ध्या तासाची होती, आणि त्या भेटीत म्हणे इस्पितळाच्या काचा थरथरल्या. पोरीने असा टाहो फोडला की खालच्या मजल्यावरचे नुकतेच ऑपरेशन झालेले पेशंट उठून चालू लागले, दोन नर्सनी बदलीचे अर्ज केले आणि चौकातली वाहनं अँब्युलन्स समजून बाजूला झाली. मामा तेव्हा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नवाच लागला होता. शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, तो दाबायची सवय त्याच्या पायात तेव्हा मुरत होती. भाची हातात येताच घाबरून त्याने फरशीवरच कचकन पाय दाबला. आणि पोर गप्प झाली.

हा ब्रेक भाचीला लागू पडतो, ही समजूत त्याच्या डोक्यातून पुढे कोणालाही काढता आली नाही. ती रांगली, पळाली, जिन्यावरून उड्या मारू लागली; मामाचा पाय आपला जमिनीवर दाबलेला. बूट झिजायचा तोही एकच.

भाचीला अठरा वर्षं पुरी होतील त्या दिवशी मोठी पार्टी करायची, आणि तिला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, असं ताईने, म्हणजे भाचीच्या आईने, ठरवलं. मामाने लगेच सूचनांचा पाऊस पाडला. केक गाडीच्या आकाराचा हवा. पाहुण्यांनी खाण्याच्या टेबलाकडे एकेरी मार्गाने जावं. खोलीच्या मधोमध स्कूलचे नारिंगी शंकू मांडावेत. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्यावर एकच काम सोपवलं.

"तिला बाहेर गुंतव आणि अंधार पडायच्या आत घरी आण. एवढं धड केलंस तर पुढच्या वर्षी आमच्या लग्नाच्या पंचविशीचं सगळं तुझ्याकडे. नाही केलंस तर खुर्ची उचलायलासुद्धा बोलावणार नाही."

मामाला आयुष्यात एकदा तरी अख्खा समारंभ स्वतःच्या शिस्तीत करून बघायचा होता. तो हरखला. आमिषही तयार होतं. अठरा झाल्याशिवाय स्टिअरिंगला बोट लावायचं नाही, हा त्याचाच नियम. भाची वर्षानुवर्षं त्यावरून त्याचं डोकं खात होती. त्या सकाळी तिने कच्चं लायसन काढलं आणि दुपारी मामा दारात गाडी घेऊन हजर.

शिकवताना मामाचे दोन नेम कडक. फोन बंद करून डॅशबोर्डच्या कप्प्यात. आणि विद्यार्थ्याने वाकडी लावलेली गाडी तशीच सोडून उतरायचं नाही. मग तो विद्यार्थी कोर्टाचा न्यायाधीश असो की स्वतःची बायको. बायकोने तर त्यानंतर बसचा पास काढला.

तासभर गाडी छान चालली. ऊन उतरल्यावर मामाने मोठ्या हुशारीने ती घराच्या गल्लीत आणवली आणि फाटकासमोर लावायला सांगितली. भाचीने लावली. शेपूट रस्त्यावर, तोंड फुटपाथकडे.

"पुन्हा," मामा म्हणाला.

पुन्हा तोंड रस्त्यावर, शेपूट फुटपाथकडे. मामाचं भान सुटलं. पार्टी, ताई, पंचविशी, सगळं त्याच्या डोक्यातून उतरलं. उरली ती एक वाकडी गाडी. पुढे घे, मागे घे, आरसा बघ, माझ्याकडे काय बघतेस, आरसा बघ. गल्लीतले दिवे लागले.

आत पाहुणे अंधारात दबा धरून बसले होते. फाटकाशी गाडी घुरघुरली की सगळे श्वास रोखत, गाडी मागे गेली की सोडत. शेवटी दार उघडलं तेव्हा सगळ्यांनी एका दमात जल्लोष केला. दारात शेजारचे काका होते, हातात उसनी नेलेली शिडी. त्यांना बसवून पाणी द्यावं लागलं. तोवर भाचीचे बाबा सोफ्याच्या मागे घोरू लागले होते आणि केकचा एक कोपरा अंधाराचा फायदा घेऊन नाहीसा झाला होता.

मामा आणि भाची आत आले तेव्हा ओरडायचं त्राण कोणात नव्हतं. कोणीतरी खुर्चीतूनच हात हलवला. ताई कमरेवर हात ठेवून उभी.

"एक काम दिलं होतं रे तुला. एकच."

मामाने मान खाली घातली. त्याचा पाय मात्र फरशीवर दाबलेलाच होता.

"त्याला नको बोलूस, आई," भाची मध्ये पडली. "पार्टीचं मला कधीच कळलं होतं. बाबा आठवडाभर फुगे फुगवून धापा टाकत होते. मीच मुद्दाम वाकडी लावत होते. आत आले असते तर गाडी सुटली असती ना हातातून."

सगळे हसले. ताईसुद्धा हसली, आणि पंचविशीचं काम मामाकडे कायम राहिल्याचं तिने केक भरवता भरवता जाहीर केलं. मामाचा ऊर भरून आला. अठरा वर्षांत दर वेळी हवी तेवढीच वाकडी गाडी लावणारा विद्यार्थी त्याने पाहिला नव्हता. असा ताबा रक्तातच असावा लागतो, असं तो शिडीवाल्या काकांना दोनदा सांगून आला.

पुढच्या महिन्यात लायसनची परीक्षा झाली. भाची नापास झाली, गाडी लावण्यात. पंचविशीचं काम ताईने हॉटेलला दिलं.