सहा विरुद्ध बर्नी

बर्नाडेट कुझमारेक हे तिचं पूर्ण नाव, पण पोर्ट हॅलममध्ये तिला सगळे बर्नीच म्हणायचे. नगरपालिकेच्या रस्ते खात्यात तिने एकतीस वर्षं नोकरी केली. हिवाळ्यात बर्फ हटवायची गाडी, उन्हाळ्यात डांबराचा ट्रक. आवाज असा की इंजिन चालू असलं तरी तिचं बोलणं पलीकडच्या फुटपाथवर ऐकू जाई. मी नगरपालिकेच्या पेन्शन मंडळाचा चिटणीस. बैठकांचं टिपण लिहिणं हे माझं काम, त्यामुळे पुढे जे घडलं ते मी समोर बसून पाहिलंय.

आमच्या मंडळावर सात विश्वस्त असत. तिघांना महापौर नेमत, तिघांना कामगार निवडून देत आणि एकाला निवृत्त लोक. शहराच्या सगळ्या नोकरदारांच्या म्हातारपणाचा पैसा कुठे गुंतवायचा, हे या सातजणांनी ठरवायचं. २००२ साली शेअर बाजार कोसळला तेव्हा तेव्हाच्या मंडळाने घाबरून सगळे शेअर विकून टाकले. बाजार परत वर आला, आमचा पैसा मात्र बँकेत झोपून राहिला. त्यापायी निवृत्तांची महागाईची वाढ पाच वर्षं बंद झाली. त्या निवृत्तांत बर्नीची आई होती. चोवीस वर्षं शहराच्या दवाखान्यात स्वयंपाक केलेली बाई, आणि शेवटी औषधाच्या गोळ्या अर्ध्या करून खायची.

आई गेल्यावर बर्नी कामगारांतर्फे मंडळाच्या निवडणुकीला उभी राहिली आणि जिंकली.

पहिल्या बैठकीला ती कामाचे बूट घालूनच आली. अध्यक्ष वॉरेन टिडमार्श, फर्निचरच्या मोठ्या दुकानाचे मालक, हसून म्हणाले, "बर्नी, इथली भाषा जरा जड असते हं. समजलं नाही तर विचारा."

"विचारीन की," ती म्हणाली. "तुम्हाला उत्तर येत असलं म्हणजे झालं."

तिने खरंच विचारलं. वर्षभर विचारत राहिली. बर्फ पडायची वाट बघत गाडीत बसावं लागे, तेव्हा ती मंडळाची नियमावली वाचायची. शेवटी २००५ साली तिच्या हट्टापायी मंडळाने एक नियम केला. साठ टक्के पैसा शेअरमध्ये, चाळीस टक्के सरकारी रोख्यांत. हा तोल पाच टक्क्यांहून जास्त ढळला, की तीन महिन्यांच्या आत तो जागेवर आणायचा. शेअर वाढले तर थोडे विकायचे, पडले तर रोखे विकून शेअर घ्यायचे. नियम बदलायचा असेल तर दोन बैठकांत, महिन्याच्या अंतराने, दोनदा मतदान. तातडीने बाजूला ठेवायचा असेल तर सातही मतं हवीत. तेव्हा बाजार छान चालला होता. कुणी फारसं लक्ष दिलं नाही, हात वर केले आणि जेवायला गेले.

मग २००८ उजाडलं. एकतीस कोटी डॉलरचा आमचा निधी २००९ च्या फेब्रुवारीअखेर वीस कोटींवर आला. शेअर साठावरून पंचेचाळीस टक्क्यांवर घसरले. नियमाप्रमाणे खरेदी करायची वेळ केव्हाच आली होती, पण निधीचा रोजचा व्यवहार बघणारे संचालक 'बघू, बघू' करत तीन महिने ढकलत राहिले.

पाच मार्चला, गुरुवारी, बैठक बसली. शिकागोहून सल्लागार केसलिंग आले होते. त्यांनी पडद्यावर खाली खाली जाणारी रेघ दाखवली आणि सांगितलं, वातावरण निवळेपर्यंत सगळे शेअर विकून पैसा बाजूला ठेवावा.

टिडमार्श म्हणाले, "तातडीचा ठराव. नियम स्थगित. एल्डन, नावं पुकारा."

मी नावं पुकारली. सहा हो आले. सातवं नाव तिचं.

"नाही."

टिडमार्शनी चष्मा काढला. "बर्नी, ही हटवादीपणाची वेळ नाही."

"केसलिंगसाहेब," ती सल्लागाराकडे वळली, "विकायचं ते सांगितलंत. परत कधी घ्यायचं?"

"परिस्थिती स्पष्ट झाली की."

"म्हणजे महाग झालं की. २००२ साली पण हेच सांगितलं होतं. तुमच्याच कंपनीने नसेल, पण असाच सूट घालून कुणीतरी."

निवृत्तांचा प्रतिनिधी, जुना अग्निशमनवाला ऑझी ब्रँडॅमर, टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "अगं, लोकांचं आयुष्य आहे हे! रोज पैसा वितळतोय आणि तू नियम धरून बसलीस?"

"नियम कशाला केला होता, ऑझी? बाजार वर असताना भिंतीवर टांगायला?" मग ती मंडळाच्या वकिलांकडे वळली. "दोनदा मतदान होईपर्यंत नियम लागू आहे की नाही? हो किंवा नाही सांगा."

वकिलांनी कागद उलटेपालटे केले. "लागू आहे."

"मग विकायचं तर नाहीच, उलट घ्यायचं आहे. तीन कोटींचे रोखे विका आणि शेअर घ्या. नाहीतर सोमवारी मी कोर्टात अर्ज टाकते, की मंडळ स्वतःचाच नियम मोडतंय."

"तुम्ही मंडळावर खटला भराल?" टिडमार्शचा आवाज चिरकला.

"मला काय, सुट्ट्या शिल्लक आहेत."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. ईस्टरच्या आधीचे उपवासाचे शुक्रवार चालू होते, म्हणून सेंट हेडविगच्या सभागृहात तळलेल्या माशांचं जेवण होतं. अर्धं शहर तिथे. बातमी आधीच पोचली होती. बर्नी ताट घेऊन आली तर तिच्या नेहमीच्या टेबलावरच्या लोकांनी रिकाम्या खुर्च्यांवर कोट ठेवले. तिचा थोरला भाऊ स्टॅन, पाणीखात्यातून निवृत्त झालेला, सगळ्यांसमोर उठून उभा राहिला.

"लाज नाही वाटत? माझं पेन्शन जुगारावर लावतेस?"

"बस खाली, स्टॅन. मासा गार होईल."

"मासा गेला खड्ड्यात! आज टीव्हीवर म्हणत होते, अजून निम्मं खाली जाणार."

तिने ताट टेबलावर ठेवलं आणि तिथेच, उभ्याउभ्या, बोलली. "या महिन्याचं पेन्शन आलं का? आलं. दरवर्षी आपण सव्वादोन कोटी वाटतो. सव्वा कोटी पगारांतून येतात. उरला एक कोटी. तीन कोटींचे रोखे विकले तरी आठ कोटींचे राहतात. म्हणजे आठ वर्षं एकही शेअर न विकता तुझं पेन्शन येतंय. आठ वर्षं, स्टॅन! मग आज, सगळ्यात पडेल भावात, कशाला विकायचं? आईच्या वेळी विकलं होतं ना? काय मिळालं तिला?"

"आईला मध्ये आणू नकोस."

"तिच्यासाठीच तर मी तिथे बसलेय."

स्टॅन कोट उचलून निघून गेला आणि त्याच्यामागे टेबलावरचे बाकीचेही उठले. ती त्या टेबलावर एकटी बसली आणि सगळं ताट संपवलं, कोबीसकट. मी जाऊन समोर बसलो.

हळूच विचारलं, "खात्री आहे तुला, बाजार वर येईल म्हणून?"

"मुळीच नाही." तिने रिकामं ताट बाजूला सारलं. "एल्डन, काल रात्रभर डोळा लागला नाही. माझं पण पेन्शन त्यातच आहे. पण मला कळत नाही तसं त्या केसलिंगलाही कळत नाही. फरक एवढाच, की मला कळत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून तर डोकं थंड असताना नियम लिहिला. आता डोकं तापलंय म्हणून फाडायचा?"

कोर्टात जावं लागलं नाही. खटल्याच्या धाकाने संचालकांनी मार्चअखेर, एप्रिल आणि मे अशा तीन हप्त्यांत खरेदी केली. एप्रिलच्या बैठकीत विक्रीचा ठराव पाच विरुद्ध दोन मतांनी पहिल्यांदा मंजूर झाला. दुसरं हरकतीचं मत कुणाचं, तर ऑझीचं. त्याने कारण सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. मे महिन्यात दुसरं मतदान व्हायचं होतं, पण तोवर बाजार बराच वर सरकला होता. टिडमार्शनी तो विषय यादीतून गुपचूप काढून टाकला.

पण त्याच मे महिन्यात कामगारांची निवडणूक होती. पाणीखात्याचा डेल ऑस्टरहाउट 'बाजारात एक सेंटही नाही' असा फलक घेऊन तिच्याविरुद्ध उभा राहिला. बर्नीला लोकांनी सांगितलं, चार शब्द गोड बोल, चूक झाली म्हण. ती म्हणाली, "चूक झाली असती तर म्हणाले असते." एकशे शहात्तर मतं तिला, तीनशे अठ्ठ्याऐंशी डेलला.

निकालानंतर तिने खुर्चीवरची आपली उशी उचलली, माझ्याशी हात मिळवला आणि डांबराच्या ट्रकवर परत गेली. डेलने मात्र एकही शेअर विकला नाही. वर चाललेला बाजार सोडायला कुणाची छाती होते! पाच वर्षांनी निधी पुन्हा एकतीस कोटींच्या पुढे गेला आणि निवृत्तांना महागाईची वाढ मिळाली. त्या समारंभात टिडमार्शनी सगळ्यांचे आभार मानले. तिचं नाव घेतलं नाही. स्टॅनने वाढीचा पहिला चेक फोटो काढून तिला पाठवला, सोबत एक अक्षरही न लिहिता. तिने तो मला दाखवला आणि म्हणाली, "बघ, गाढवाला लिहितापण येत नाही."

ती गप्प बसली असं मात्र समजू नका. आमच्या बैठकीत कुणाही नागरिकाला तीन मिनिटं बोलता येतं. विश्वस्तपद गेल्याच्या पुढच्या महिन्यापासून बर्नी प्रेक्षकांच्या पहिल्या खुर्चीत येऊन बसू लागली, दर महिन्याला, नोकरीतून निवृत्त झाल्यावरसुद्धा. गेल्या शरद ऋतूत न्यूयॉर्कहून एक तरुण गृहस्थ आपल्या कंपनीत गुंतवायला निधीतले चार कोटी मागायला आले. त्यांच्या कागदांत फीची सहा पानं होती. बर्नी माईकपाशी गेली.

"पैसे बुडाले तरी तुम्हाला वर्षाला किती मिळणार? एक आकडा सांगा."

"बाई, ते जरा गुंतागुंतीचं आहे..."

"माझ्याकडे तीन मिनिटं आहेत. मी थांबते."

आणि ती थांबली. एक शब्द न बोलता, दोन्ही हात माईकच्या दांड्यावर ठेवून, अडीच मिनिटं. गृहस्थ पानं चाळत होते. सातही विश्वस्त त्यांच्याकडे बघत होते. घंटा वाजली तेव्हा नव्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "प्रश्न माझाही तोच आहे." ठराव पुढे ढकलला गेला.

टिपणात मी लिहिलं : नागरिक बी. कुझमारेक यांनी प्रश्न विचारला. उत्तर मिळाले नाही.