कमळमावशी जागेवरून उठली

अंधेरीच्या मासळी बाजारात कमळमावशी ज्या ओट्यावर बसायची, तिथे तिच्याआधी तिची सासू बसायची, आणि त्याआधी सासूची सासू. कोळणींची जागा अशीच पुढे जाते. लेकाला नाही, लेकीला नाही, सुनेला. तीही सासू कायमची उठली की मगच. तोवर सून शेजारी बसून कोलंबी सोलते.

मावशीची सून कल्पिता तशीच बसायची. कधी डोळ्याखाली काळंनिळं, कधी हात वर उचलता येत नसे. मावशीचा मुलगा अल्पेश मारायचा. माझ्या लेकीचं, गार्गीचं लग्न झाल्यापासून असल्या खुणांवरून माझी नजर हलत नाही. एकदा विचारलं, तर मावशी पापलेटाचे कल्ले उघडत म्हणाली, "मासळी बघ, बाय. घरचं नको बघू."

शेवटी कल्पिता घर सोडून वाकोल्याला भाड्याच्या खोलीत राहायला गेली. तिला एवढा एकच धंदा येत होता आणि बसायला हाच एक ओटा. अल्पेश बाजारात आला आणि तिला दंडाला धरून उठवलं. "जागा माझ्या आईची आहे," म्हणाला. बाकीच्या कोळणी आपापली मासळी मांडत राहिल्या. रीतीप्रमाणे त्याचं म्हणणं खरंच होतं.

कल्पिता परत येऊन बसली म्हणून तो पुन्हा आला, त्या सकाळी मी तिथेच होते. मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली, कोयता कल्पिताच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी उठले. आजपासून जागा सुनेची."

शेजारची म्हातारी लगेच म्हणाली, "ऐकलंस ना रे, अल्पेश? आता सरक. गिऱ्हाईकाच्या वाटेत उभा हायस."

तो गेला. मी पुढे होऊन कल्पिताने सांगितलेल्या भावाला बांगडे घेतले. मावशी माझ्यावरच उखडली. "भाव कर गो. कीव करून घेशील तर ती शिकणार कशी?"

बरेच दिवस मावशी दिसली नाही. परवा आली, पिशवी घेऊन, गिऱ्हाईकासारखी. कल्पिता एका बाईशी हुज्जत घालत होती, "घ्यायची तर घ्या, सुरमई काय तुमची वाट बघत नाय." मावशी ऐकत उभी होती. पाय सुजलेले.

"बसा ना, आई," कल्पिता सरकत म्हणाली.

"नको. बसले तर परत माझी होईल."

"मग माझ्या खोलीवर चला."

"आणि तो इथं येईल मला शोधत. घरात मी दिसते तोवर गप हाय."

मी हळूच विचारलं, "अल्पेश कामावर जातो का?"

"घरीच असतो. आधी निदान दुपारपर्यंत मी इथं असायची."

कल्पिताने तिच्या पिशवीत मांदेली घातली. मावशीने ती उघडून एकेक तपासली, एक मऊ निघालेली परत दिली. मग आणखी थोडा वेळ उभी राहिली, आणि गेली.