घाईचा शेरा

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्याला सगळे कानसेन म्हणत. आधी कौतुकाने म्हणत, पुढे सवयीने. एकतीस वर्षं तो नव्या संगीतावर लिहीत आला होता. अर्ध्या पानाचं सदर आक्रसत तळहाताएवढं झालं, कानात बारीक शिट्टी वाजायला लागली, तरी पठ्ठ्याची अट कायम: ग्रामोफोनची तबकडी आणून द्या, मगच ऐकेन. फाइल पाठवणाऱ्याला तो भीक घालत नसे. यात तत्त्व थोडं होतं, बाकी सगळा हट्ट.

त्या अटीपायी एका मुलीने आपल्या अल्बमच्या मोजून दहा तबकड्या काढल्या आणि एक स्वतः त्याला आणून दिली. ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. तिथल्या यंत्रांचे आवाज टिपून तिने पाच वर्षांत नऊ तुकडे रचले होते. हिप-हॉपचा ठेका, त्यावर इलेक्ट्रॉनिक सूर, आणि शब्द एकही नाही.

कानसेनने ते ऐकलं शुक्रवारी दुपारी, मजकूर द्यायला दोन तास उरले असताना. ऐकायचंच जिवावर आलं होतं. अलीकडे सगळंच जिवावर यायचं. त्याने सरळ पाट्या टाकल्या. लिहिलं, ‘कल्पना आहे, पण दम नाही. प्रत्येक ठेक्याला कसली तरी घाई झाली आहे.’ मागोमाग दोन वेबसाइटींनी तीच घाई उचलली. तबकडी त्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती. अल्बमचा निकाल लागला.

तीन आठवड्यांनी, रविवारी, बायकोने तिच्या आवडत्या जुन्या गायकाची तबकडी लावली.

“अहो, हे आज उंदरासारखे काय गातायत?”

तो उठून बघायला गेला. वेगाचं बटण मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांवर होतं. त्या शुक्रवारी सकाळी त्याने एक छोटी तबकडी वाजवली होती, ती त्याच वेगाची. मुलीची मोठी तबकडी तेहेतीसवर वाजायला हवी होती, आणि बटण फिरवायचं राहिलं होतं. कुणी गात असतं तर पहिल्याच ओळीला कळलं असतं. इथे गाणारं कुणी नव्हतंच. नंतर या महाशयांनी प्लेअरला हातही लावला नव्हता.

मुलीची तबकडी काढून त्याने बरोबर वेगावर लावली. पाणी भरतं, यंत्र थबकतं, मग सावकाश ठेका पडतो. दोन्ही बाजू संपेपर्यंत तो खुर्चीतून हलला नाही. काम चांगलं होतं, खरोखर चांगलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटत होती.

संपादकाला फोन केला तर तो म्हणाला, “जाऊ द्या हो, वाचतंय कोण?” हेही लागलं.

सोमवारी तो पाय ओढत धुलाईघरात गेला. वाफेने भिंती ओल्या होत्या. चादरींच्या ढिगामागून मुलीने त्याला ओळखलं.

“काका, तुम्ही इथे? बरं झालं आलात. तुमचं पटलं मला. नऊच्या नऊ तुकडे संथ करून घेतलेत. पुढच्या आठवड्यात तबकडी पुन्हा काढायचीय.”

त्याला खाली बसावंसं वाटलं. बसायला काही नव्हतं. उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं, छोटी तबकडी, बटण, आपला कंटाळासुद्धा.

“चूक कबूल करून छापतोय,” तो म्हणाला. “माझ्या नावानिशी.”

ती बराच वेळ एकाच चादरीच्या घड्या करत राहिली.

“मला घाई वाटली नव्हती,” ती शेवटी म्हणाली. “शंभरदा ऐकलं असेल मी. पण तुम्ही लिहिलंत, तेव्हा म्हटलं, माझाच कान कच्चा.”

तिने चादरीचं टोक ओढून सरळ केलं.

“मग आता कुठलं ठेवू, काका? आधीचं की हे संथ?”

एकतीस वर्षांची खोड, उत्तर जिभेवर आलंसुद्धा. त्याने ते गिळलं.

“ते मला विचारू नकोस,” तो म्हणाला. “कुणालाच विचारू नकोस.”

तिने चादर ढिगावर ठेवली.

“आधीचंच,” ती म्हणाली.