ताई आल्या का?

बायको गेल्यावरही लिफ्टवाला मिस्त्री रोज सकाळी तळमजल्यावरची तिची खोली उघडायचा. भाडेकरूंच्या मदतीची ती खोली तिनं, गल्लीच्या ताईंनी, घरमालकाशी भांडभांडून मिळवलेली. मालकाच्या माणसाला तिथं पाणीसुद्धा मिळत नसे, मग खुर्ची तर सोडाच.

टेबलावरच्या संगणकात एआय मदतनीस होता. अर्ज लिहायला वाघ, पण रोज सकाळी त्याची पाटी कोरी. म्हणून ताईंनी त्याला संगणकातच फायलींचं कपाटच लावून दिलं होतं. प्रत्येक भाडेकरूचा वेगळा कप्पा, कामाच्या रीतींचा वेगळा. तोंड उघडण्याआधी त्यानं तिथं शोधायचं. "लिहून ठेव" म्हटलं तेवढंच कपाटात जाई, बाकीची बडबड संध्याकाळी पुसली जाई. रीतींमधली पहिलीच ओळ अशी होती: ताईंनी हो म्हटल्याशिवाय एकही कागद बाहेर जाणार नाही.

"नमस्कार मिस्त्री. ताई आल्या का? अर्ज थांबलेत," मदतनिसानं विचारलं.

"बाजारात गेलीय. येईल."

"बरं, थांबतो."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या एका प्रश्नासाठीच मिस्त्री कुलूप काढायचा. बाकी सगळी गल्ली ताईंबद्दल 'होत्या' म्हणू लागली होती.

मग एका सकाळी शिवणवाली दारात उभी राहिली.

"दादा, खोली खाली करायच्या नोटिशीला माझं उत्तर गेलंच नाही म्हणे. मुदत संपली. खोलीला कुलूप ठोकलं. शिलाई मशीन आत, मी बाहेर."

मिस्त्रीनं खाली बघतच सगळं सांगितलं: ताई गेल्याचं त्यानं मदतनिसाला कळवलंच नव्हतं, तो अजून त्यांच्या होकारासाठी थांबला होता.

"गेलेल्या बाईलाही सुट्टी देईनात तुम्ही," ती म्हणाली. "ताईंना कळलं असतं ना, तुम्हाला उभं सोललं असतं."

"हो. सोललं असतं."

तिच्यामागे आणखी दोन घरांचे अर्ज अडकले होते. मिस्त्री संगणकासमोर बसला. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या किती माणसांना त्यानं आजवर बाहेर काढलं होतं. आता एक वाक्य बाहेर काढता येईना.

"लिहून ठेव."

"काय लिहू?"

"ताई वारल्या. होकार आता शिवणवाली देईल."

"लिहिलं. मिस्त्री, फार वाईट झालं."

"ते नको लिहूस. तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी त्यानं कुलूप काढलं.

"नमस्कार मिस्त्री. दोन अर्ज तयार आहेत. शिवणवाल्या बाई आल्या की पाठवू."

तो वाट बघत राहिला. रोजचा प्रश्न आला नाही.

"आणि ताई?" त्यानंच विचारलं.

मदतनिसानं कपाटात शोधलं.

"ताई वारल्या. तुम्हीच लिहून ठेवायला सांगितलंत."

"हं. बरोबर आहे."

दारात चपला वाजल्या. काखेत पिशवी घेऊन शिवणवाली आत आली, इकडंतिकडं बघू लागली.

"कुठं बसू, दादा?"

मिस्त्रीनं ताईंची खुर्ची पुढं ओढली, बाहीनं पुसली आणि खुर्चीच्या पाठीवरची त्यांची शाल काढून घेतली.