उंदरांना संप नसतो

धुळ्याच्या एका महाविद्यालयात वच्छलाबाई प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळायची. कणा मोडलेल्या माणसाच्या पायांत पुन्हा जीव आणणारं औषध रुपचंद डॉक्टर तिथं शोधत होते. त्यासाठी उंदरांचा मज्जारज्जू दुखावलेला असायचा. असा उंदीर मागचे पाय फरफटत नेतो आणि त्याला आपली आपण लघवी होत नाही. सकाळ-संध्याकाळ पोट अलगद दाबून ती काढावी लागते. नाही काढली, तर तो मरतो.

"उंदरांची दाई आली!" शिपाई हसायचे.

"तुनं बी पोट दाबू का?" ती विचारायची.

हे काम तिच्या हाताला नवं नव्हतं. नवरा पुना शेळ्यांसाठी पाला तोडताना निंबावरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. त्याचं सगळं तीच करायची. एकदाच भावाच्या लग्नाला माहेरी गेली. "एका दिवसानं काय होतंय?" दीर म्हणाला होता. लघवी तुंबली, ताप चढला आणि पुना दगावला.

अठ्ठ्याऐंशी साली रोजंदारीवरच्या लोकांनी नोकरीत कायम होण्यासाठी संप केला. वच्छलाबाई पहिल्या रांगेत बसली. पुढारी तोताराम याने फाटकात बाक आडवा टाकला. डॉक्टर नेमके पुण्याला गेलेले. संध्याकाळ झाली तशी ती उठली.

"अक्का, कुठं?"

"उंदरांकडे."

"राहू दे ना. एका दिवसानं काय होतंय?"

ती थबकली. "मना मालक एक दिवसमाच गया, तोताराम. सरक."

"फितूर!" मागून कोणीतरी ओरडलं. तिने पदर खोचला आणि बाक ओलांडला.

आत प्राचार्य हजेरीपट घेऊनच धावत आले. "शाबास! करा सही. तुमचं कायम करायचं मी बघतो."

ज्यासाठी ती उन्हात बसली होती, तेच समोर आलं होतं. तिने पेनाला हात लावला नाही. "मी संपवर शे, साहेब. उंदरे नहीत."

"सही नसेल तर बाहेर व्हा!"

"काम झाल्याबिगर हालनार नही. बोलवा पोलीस."

पोलीस कोणी बोलावले नाहीत. एकेक उंदीर तळहातावर घेऊन तिने काम उरकलं, हात धुतले आणि बाहेर येऊन पुन्हा पहिल्या रांगेत बसली. मागोमाग प्राचार्य फाटकापर्यंत आले. "अहो, निदान अंगठा तरी!" हातातला कोरा हजेरीपट सगळ्यांनी पाहिला. मग सर्वांत मोठ्याने घोषणा दिली ती तोतारामने.

सकाळी बाक माणूस जाईल एवढा सरकवलेला होता. "लवकर ये, अक्का," तो म्हणाला, "तुझ्या आवाजाशिवाय घोषणेत दम नाही."

संप मिटला, डॉक्टर परतले. सगळे उंदीर जिवंत होते. दोन दिवस त्यांनी प्रत्येकाचे पाय तपासले आणि चष्मा काढून ठेवला.

"वच्छलाबाई, तुमची मेहनत वाया गेली. एकाचाही पाय हलला नाही. औषध खोटं ठरलं."

ती पिंजरा पुसत होती. हात थांबला नाही.

"मंग दुसरं काढा," ती म्हणाली. "मूत काढाले मी शे."