बसल्या जागेची मालकीण

त्या बाजाराचं छप्पर पत्र्याचं होतं आणि पत्र्याला इतकी भोकं होती की सकाळी नऊच्या सुमाराला आत उन्हाच्या काठ्या उभ्या राहायच्या. शिकेकाईची, सुंठीची, हळकुंडांची धूळ त्या उन्हातून सावकाश वर जायची, पुन्हा खाली यायची, आणि मी ती बघत बसायचे. एरवी मी नुसतं बघत बसणाऱ्यांतली नाही. सिरुसेरीच्या ऑफिसात माझं काम दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढण्याचं, आणि स्वभावही त्याच जातीचा. पण शनिवारी त्या बाजारात शिरलं की माझा खवटपणा कुठे जायचा कोण जाणे.

एग्मोर स्टेशनपासून चालत वीसेक मिनिटांवर तो बाजार होता. मी नोकरीसाठी या तमिळ शहरात आलेली, जवळच्याच लेडीज हॉस्टेलमध्ये राहायचे. सुट्टीच्या दिवशी हॉस्टेलच्या मुली टी. नगरला साड्या बघायला जायच्या, गर्दीत घामाघूम होऊन परतायच्या. मी एकदा गेले आणि कानाला खडा लावला. त्यानंतर एका शनिवारी केस फार गळतात म्हणून शिकेकाई शोधत या बाजारात आले. एका जडीबुटीच्या दुकानापाशी उभी राहून स्वतःशीच पुटपुटले, "आता हिला अर्धा किलो कसं सांगायचं?" दुकानातल्या बाई वजनं पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मराठींत सांग. अर्धा किलो कशास गे? केंस किती ते तुज?"

त्या तंजावरकडच्या. त्यांच्या घराण्यातल्या कुणी शेकडो वर्षांत महाराष्ट्र पाहिला नव्हता, पण घरात मराठी होती. ती मराठी तमिळच्या चालीत हेलकावे घेत यायची, आणि मला एखाद्या जुन्या पत्रातलं कुणी माझ्याशी बोलतंय असं वाटायचं. बाजार त्यांना अक्का म्हणायचा, मीही म्हणू लागले. वय पन्नाशीच्या पुढे, मूलबाळ नाही, नवरा कधीचाच गेलेला. जागा आधी त्यांच्या आईची होती. आई गेली आणि दुसऱ्या दिवशी अक्का येऊन बसल्या, एवढीच काय ती वारसाहक्काची भानगड.

मी दर शनिवारी जाऊ लागले. आधी गिऱ्हाईक म्हणून, मग उगाचच. वाळ्याच्या जुड्यांवर पाणी शिंपडलं की दुकानांच्या सगळ्या ओळीला गार वास सुटायचा आणि बोलता बोलता मला डुलकी लागायची. अक्का मला उठवायच्या नाहीत. गिऱ्हाइकाला हळू आवाजात वेखंड बांधून द्यायच्या.

त्या ओळीची एक रीत होती. दुकानदार उठला तर जागा रिकामी ठेवायची नाही. शेजारचा कुणीतरी येऊन बसणार. आणि जो बसला तो त्या घटकेपुरता मालक. गिऱ्हाइकाने विचारलं, "दुकान तुमचंच का?" तर "माझंच" म्हणायचं. मालक बाहेर गेलाय असं सांगणं म्हणजे आलेली लक्ष्मी परत पाठवणं. समोरचा चटईवाला दिवसातून दोनदा अक्कांची जागा सांभाळायचा आणि ठणकावून सांगायचा की हे सारं आपलंच, आजोबांपासूनचं. अक्काही त्याच्या चटयांबद्दल तेवढंच बेधडक सांगायच्या. कुणाला त्यात खोटं वाटत नव्हतं.

मला बसायला सांगितलं तो दिवस मला अजून आठवतो. अक्का कॉफी प्यायला निघाल्या आणि चटईवाल्याला हाक मारायच्या ऐवजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बस गे. आलेंच." मी चप्पल काढून त्या जागेवर बसले. एका बाईंनी विचारलं, नवीन दुकान का? मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये म्हटलं, "एन कडैदान." माझंच दुकान. सगळी ओळ हसली, आणि मी दिवसभर हवेत होते. घरापासून इतक्या लांब, जिथे रिक्षावाल्याशीही धड भांडता येत नव्हतं तिथे, मला बसायला एक जागा मिळाली होती. पुढची दोन वर्षं मी ते वाक्य शेकडो वेळा म्हटलं असेल.

मग बाजार पाडणार अशी बातमी आली. आधी चहाच्या गाड्यावर, मग पेपरात. जागेवर चार मजली इमारत होणार होती, खाली गाड्या लावायची सोय, वर गाळे. जुन्या लोकांना गाळा मिळणार, पण जुने कोण हे ठरवायला पाहणी होणार. कागद कुणाकडेच नव्हते. म्हणून ठरलं की पाहणीवाले येतील, जो ज्या जागेवर बसलेला दिसेल त्याचा फोटो काढतील, नाव लिहितील, आणि तेच धरलं जाईल. कधी येतील ते सांगितलं नव्हतं. अक्का महिनाभर जागेवरून हलल्या नाहीत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी डॉक्टरांची तारीख दोनदा पुढे ढकलली.

तिसऱ्यांदा मीच भरीला घातलं. "शनिवारी सरकारी माणूस येतोय होय? जाऊन या तुम्ही. मी आहे ना." त्या गेल्या.

आणि पाहणीवाले शनिवारीच आले. दोघं होते, एकाकडे कॅमेरा, दुसऱ्याकडे पाटी. पाटीवर खडूने जागेचा नंबर लिहायचा, ती छातीशी धरून फोटो काढायचा. माझ्यापुढे येऊन पाटीवाल्याने विचारलं, "कडै उंगळुदा?" दुकान तुमचं का? आणि मी म्हटलं, "आमा. एन कडैदान." हो, माझंच.

विचार केला नाही असं म्हणवत नाही. विचार केला होता. हा क्षण अवघड आहे, आता आपण रीत पाळून दाखवायची, असं मला वाटलं होतं. चटईवाला समोरून हातवारे करत होता, मला वाटलं शाबासकी देतोय. मी नाव सांगितलं, पाटी धरली, फोटोसाठी जरा हसलेसुद्धा. ते पुढच्या ओळीत गेल्यावर तो धावत आला. "ती रीत गिऱ्हाइकापुरती असते," तो म्हणाला. "अक्कांची जागा आहे, दवाखान्यात गेल्यात, एवढं सांगायचं होतं. त्यांनी नोंद घेतली असती." मी मागे धावले. पाटीवाला म्हणाला, लिहिलेलं खोडता येत नाही, हरकत नोंदवा. बाहेरच्या माणसाने रीत शिकली की ती कुठे थांबवायची ते त्याला कळत नाही. चुका काढण्याचा पगार घेणाऱ्या बाईला हे कळायला हवं होतं.

दुपारी अक्का डोळ्याला हिरवी पट्टी लावून परतल्या. मी रडत रडत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, तागडी सरळ केली आणि म्हणाल्या, "तू जेवलीस कीं नाहीं?" रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

हरकती ऐकायच्या दिवशी आम्ही दोघी गेलो. उंच छताची खोली, पंखा संथ फिरत होता, खिडकीतून कडुलिंबाची सावली टेबलावर हलत होती. टेबलामागचे साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, यादीत नाव या मुलीचं आहे, पण इथलं रेशनकार्ड नाही, म्हणजे गाळा हिलाही मिळणार नाही. तुमच्या बाजूने शेजाऱ्यांनी साक्ष दिली तर सगळ्या ओळीची नव्याने चौकशी लागेल, आणि कागद कुणाकडेच नाहीत, सगळ्यांचेच गाळे अडकतील. मग त्यांनी चष्मा काढला आणि आवाज खाली आणला. "एकाच घरातल्या असाल तर नाव आत्ता इथेच बदलून देतो. मुलगी आहे ना ही तुमची? दोघीही मराठी बोलताय. लिहून द्या, सही करा, झालं."

मी अक्कांकडे बघितलं. 'आमा', दोन अक्षरांचं काम होतं. रोज दहा वेळा परक्याच्या चटया आपल्या म्हणणारी बाई ती. माझा जीव कानात गोळा झाला होता.

अक्कांनी पदर सारखा केला. "नाही सर," त्या शांतपणे तमिळमध्ये म्हणाल्या. "ही माझी कुणी नाही. शिकेकाई न्यायला येते."

साहेबांनी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

बाहेर फुटपाथवर मी त्यांच्यावर अक्षरशः खेकसले. "हो म्हणायला काय झालं होतं? गाळा गेला ना."

"तुझी आई आहे कीं गे तिकडे," त्या म्हणाल्या. "माल माझा म्हटला तर कोणाचें कांहीं जात नाहीं. मूल तसें म्हणूं नये. मज देवानें दिलें नाहीं, तर दुसरीचें कागदावर कशास घेऊं?" मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, बस चुकेल, जा.

दोन महिन्यांनी बाजार पाडला. अक्का सामान विकून तंजावरला भावाकडे गेल्या. त्यांचं तिथे कसं चाललं, मला नीट माहीत नाही, मी विचारायचं धाडस केलं नाही.

माझ्यामुळे त्यांची जागा गेली, हे मी सगळ्यांना सांगते आणि ते खरंच आहे. जे सांगत नाही ते असं, की त्या खोलीत साहेब चष्मा हातात धरून थांबले होते, तेव्हा माझ्या मनात गाळा नव्हताच. त्यांनी मला मुलगी म्हणावं, खोटं का होईना, एवढंच मला हवं होतं.