नाचायचं नाही, फक्त वातावरण

बारावीला मी दोनदा बसलो. दोन्ही वेळा लातूरलाच, कारण कंधारच्या आमच्या घरात असं ठरलेलं होतं की मुलगा डॉक्टर झाला नाही तर दोष मुलाचा, लातूरचा नव्हे. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. मला लातूरच्या खोलीवर सोडताना त्यांनी गादी, स्टोव्ह आणि गणपतीचा फोटो दिला, आणि क्लासच्या सरांच्या इतक्या वेळा पाया पडले की सरच शेवटी दोन पावलं मागं सरकले.

पहिल्या वर्षी क्लासमध्ये कुणीतरी सांगितलं की एकाग्रतेसाठी संगीताच्या सीडी मिळतात, शब्द नसलेल्या. माझा रूम पार्टनर नायगावचा. तो बाजारातून एक घेऊन आला. कव्हरवर डोळे मिटून बसलेला साधू होता. आतली सीडी मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी कव्हरमधली असावी. दुकानदारानं घाईत अदलाबदल केली असेल. साधू लावून आम्ही पुस्तक उघडून बसलो आणि सुरू झालं धडधड धडधड. मग त्यावर हळूहळू चढत जाणारा एक सूर, तो चढत चढत अशा टोकाला गेला की आता काहीतरी फुटणार, आणि मग सगळं एकदम थांबून परत धडधड.

पार्टनर म्हणाला, ‘‘ही एकाग्रता हाय का?’’

मी म्हणालो, ‘‘कव्हरवर तर तसंच लिहिलंय.’’

वर्षभर मी ती ऐकली. एकाग्रता खरोखर आली, फक्त ती जीवशास्त्रावर आली नाही. कुठला ठोका कधी वाढतो, कोणता आवाज मागून येऊन पुढच्याला कसा गिळतो, हे मला पाठ झालं. एकदा वडील खोलीवर आले होते. पंधरा मिनिटं मांडी घालून त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘गाणं कधी सुरू होणार?’’

हा प्रश्न पुढं मला मराठवाड्यात सगळीकडं विचारला गेला. नवरदेवाच्या मामानं विचारला, गणेश मंडळाच्या अध्यक्षानं विचारला, बंदोबस्ताला आलेल्या जमादारानंही विचारला. त्याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

दुसऱ्या वर्षीही डॉक्टरकी हुकली, तेव्हा वडिलांनी मला नांदेडला डिप्लोमाला घातलं. तिथं चाचा भेटले. जुन्या नांदेडात त्यांचं साउंडचं दुकान होतं. चाचांच्या वडिलांच्या काळात भोंगे, चाचांच्या काळात पेट्या. त्यांच्या दुकानातून भीमजयंतीला साउंड जायचा, उरुसाला जायचा, लग्नाला जायचा, आणि निवडणुकीत समोरासमोरच्या दोन्ही सभांना एकाच टेम्पोतून जायचा. मी जुना ॲम्प्लिफायर दुरुस्त करायला शिकायचं म्हणून गेलो आणि तिथलाच झालो. आवाज मिसळायचं नवं मशीन आलं तेव्हा चाचांनी ते माझ्यासमोर ठेवलं. ‘‘हे बटनाचं काम तू कर. माझी बोटं जाड हायेत.’’

पण खरं काम त्यांच्याकडंच होतं. कार्यक्रमाच्या जागी गेले की ते आधी रिकाम्या मैदानात फिरायचे. मध्येच टाळी वाजवायचे आणि ती कुठून परत येते ते ऐकायचे. सगळ्यात म्हातारा माणूस कुठं बसेल याचा अंदाज घेऊन स्वतः तिथं बसून बघायचे.

‘‘बेटा, आवाज मोठा करनं कुनालाबी येतं,’’ ते म्हणायचे. ‘‘माहौल वायला, त्याची गोष्टच येगळी. पयला अर्धा घंटा लोकाला बोलू दे. लोक एकमेकांशी बोलून राहिलेत तवर माहौल जिता हाय. बोलनं आपुन बंद पाडलं तर आपुन बंदोबस्ताला आल्यावानी होतंय.’’

मला तेव्हा हे म्हातारपणाचं बोलणं वाटायचं. मी नुकतेच चार नवे बेसचे, म्हणजे खर्जाचा दणका देणारे, डबे घ्यायला लावले होते, एकेक डबा कपाटाएवढा.

अशात लातूरहून बोलावणं आलं. मी जिथं शिकलो तो क्लास नव्हे, त्याच्यानंतर निघालेला दुसरा. तेव्हा लातुरात किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर क्लास होता, दवाखान्याच्या खाली क्लास होता आणि दोन क्लासच्या मधल्या जिन्यात एक सर गणित शिकवत होते. या क्लासची मात्र स्वतःची नवी इमारत झाली होती, पुढं मोठं मैदान. निकाल चांगला लागला होता. गुणवंतांचा सत्कार आणि नव्या बॅचचं स्वागत, दोन्ही एकाच दुपारी करायचं होतं.

क्लासच्या सरांनी आम्हाला केबिनमध्ये बसवलं. त्यांच्याकडं टाइप केलेली यादी होती.

‘‘इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक पाहिजे,’’ ते म्हणाले. ‘‘पुण्याच्या क्लासवाल्यांनी केलंय. आपण मागं राहायचं नाही. शब्द नकोत. शब्द आले की मुलांचं लक्ष जातं.’’

‘‘चालेल सर,’’ मी म्हणालो. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी स्वतःहून शब्द नको म्हणत होतं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

‘‘मुलं रोल नंबरप्रमाणे बाकावर बसतील. मुली डावीकडं. कुणी उठणार नाही.’’

‘‘मग नाचणार कधी?’’

सरांनी चष्मा काढला. ‘‘नाचायचं नाही. फक्त वातावरण पाहिजे. पालकांना वाटलं पाहिजे की इथं आनंद आहे.’’

चाचा माझ्याकडं बघत होते. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

‘‘आणि सुरुवात जबरदस्त झाली पाहिजे,’’ सर म्हणाले. त्यांनी टेबलावर बॅनरचा नमुना पसरला. त्यावर मोठ्या लाल अक्षरांत होतं: निकालाचा भूकंप. अक्षरांना तडे गेलेले दाखवले होते. ‘‘याला शोभेल असं. पालकांच्या छातीत जाणवलं पाहिजे.’’

बाहेर आल्यावर चाचा मैदानात फिरले. टाळी वाजवली. मग मैदानाच्या मागच्या भिंतीवरून पलीकडं डोकावले. तिकडं लहान लहान घरांची गल्ली होती. पत्रे, विटा, वाळत घातलेले कपडे.

‘‘बेस कमी ठेव,’’ ते म्हणाले.

‘‘सरांना छातीत पाहिजे, चाचा.’’

‘‘सरांची छाती सरांपाशी राहू दे. हे लातूर हाय. इथं जमीन हलली की लोक नाचत न्हाईत, पळतेत.’’

मी हसलो. खरं तर मला कळायला हवं होतं. भूकंप झाला तेव्हा मी दुसरीत होतो. कंधारला आमच्या घराची एक भिंत फाटली आणि त्यानंतर बरेच दिवस आम्ही शाळेच्या मैदानात ताडपत्रीखाली राहिलो. पण आम्हा पोरांच्या लेखी ती सुट्टी होती. शाळा बंद, सगळी गल्ली एका ठिकाणी, जेवण एकत्र. मोठी माणसं हळू आवाजात का बोलतात हे आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यामुळं भूकंप म्हटलं की मला खिचडी आठवायची.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चारला मैदान भरलं. मुलं रोल नंबरप्रमाणे. पालक खुर्च्यांवर. स्टेजवर पहिल्या आलेल्या मुलीला हार घालून बसवलं होतं. मी वायर ओढत तिच्याजवळून गेलो तेव्हा सहज विचारलं, ‘‘तुला कोणतं गाणं आवडतं?’’

ती विचारात पडली. ‘‘दोन वर्षं ऐकलंच नाही,’’ ती म्हणाली. ‘‘आधी कोणतं आवडायचं ते आठवून सांगते.’’ आणि ती खरोखर आठवायला लागली.

सरांनी माइकजवळून खूण केली. मी सुरू केलं. तो चढत जाणारा सूर, जो मी खोलीवर वर्षभर ऐकला होता, तसाच स्वतः बांधलेला. चढवत नेला, चढवत नेला, एक क्षण सगळं थांबवलं, आणि चारही डबे पूर्ण उघडले.

पहिल्यांदा इमारतीच्या खिडक्या वाजल्या. मग मागच्या गल्लीत भांडी पडल्याचा आवाज आला, आधी एका घरात, मग ओळीनं. आणि मग फाटकातून माणसं आत यायला लागली. पिठाचे हात घेऊन बायका, अर्धी दाढी केलेला एक माणूस, लेकरं कडेवर, एक म्हातारा नुसत्या धोतरावर. कुणी ओरडत नव्हतं, हे मला विचित्र वाटलं. सगळे भिंतीपासून लांब, विजेच्या तारांपासून लांब, मैदानाच्या बरोबर मधोमध, बाकं आणि खुर्च्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात येऊन उभे राहिले. कुणी शिकवल्यासारखे. काहींनी डोक्यावर हात धरले होते.

सर माइकवर आले. ‘‘बघा,’’ ते म्हणाले, ‘‘परिसरातल्या नागरिकांचाही उत्स्फूर्त प्रतिसाद. त्यांचेही हात वर गेलेत.’’

पालकांनी टाळ्या वाजवल्या.

गर्दीतली एक म्हातारी माझ्या टेबलासमोर खाली बसली होती. तिनं उजव्या हाताचा पंजा मातीवर पालथा दाबून धरला होता आणि ती डोळे मिटून वाट बघत होती. माझा हात आपोआप खाली आला. सगळा आवाज बंद झाला.

‘‘का बंद केलं?’’ सर माइकवरूनच विचारत होते. मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

‘‘गेला का रे, लेकरा?’’ तिनं डोळे न उघडता विचारलं.

‘‘कोण, मावशी?’’

‘‘भूकंप.’’

‘‘भूकंप नव्हता मावशी. मशीन होतं. आमचं.’’

तिनं डोळे उघडले आणि डब्यांकडं बघितलं. ‘‘मशीन? कशाला?’’

‘‘वातावरणासाठी.’’

मला माझा शब्द ऐकू आला आणि कुठं बघावं कळेना. शेजारच्या बाईनं सांगितलं की म्हातारीचं गाव भूकंपात गेलं, ती इथं मुलाकडं असते. म्हातारीनं तिला हातानं थांबवलं. ‘‘तवाबी आधी असाच आवाज आलता,’’ ती म्हणाली. ‘‘जमिनीच्या पोटातून. सातजणं होतो, तिघं राहिलो.’’ मग तिनं माझ्याकडं वळून विचारलं, ‘‘परत लावता येतं का? हळू?’’

‘‘कशाला मावशी?’’

‘‘मशीनच हाय का बघू दे. न्हाई तर आज घरात शिरायचं न्हाई.’’

चाचा तोवर माझ्या जागी जाऊन उभे राहिले होते. आपल्या जाड बोटांनी त्यांनी बेसची पट्टी केसाएवढी वर सारली. म्हातारी उठून डब्यापाशी गेली. एक पंजा लाकडावर ठेवला, वाकून दुसरा जमिनीवर. चाचांनी आणखी थोडं वाढवलं. ती बराच वेळ तशी वाकून राहिली, एखादी नाडी बघावी तशी.

‘‘हां,’’ ती म्हणाली. ‘‘हे डब्यातून खाली जातंय. ते खालून वर यायचं.’’ आणि गल्लीकडं वळून मोठ्यानं सांगितलं, ‘‘मशीन हाय. चुली बघा जावा.’’

चुली बघायला थोड्याच गेल्या. बाकीची माणसं जागा दिसेल तिथं बसली. जागा बाकांवरच होती. मुलं सरकली, काही उठून उभी राहिली, मुलींच्या बाजूला म्हातारे बसले. रोल नंबर पार मोडून गेले. कुणीतरी पालकांसाठी ठेवलेलं पाणी गल्लीतल्या लेकरांना वाटायला लागलं. एक डॉक्टर व्हायला आलेला मुलगा एका आजोबांना विचारत होता की तेव्हा तुम्ही कुठं होतात, आणि आजोबा सांगत होते. सगळं मैदान बोलत होतं.

सर माइक धरून हे सगळं बघत होते. मग त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. ‘‘विद्यार्थ्यांनो,’’ ते माइकवर म्हणाले, ‘‘आत्ता भांडी का पडली? कोणत्या चॅप्टरमधलं आहे हे?’’

‘‘रेझोनन्स,’’ शेकडो मुलं एका आवाजात म्हणाली.

‘‘किती मार्कांना येतं?’’

तेही त्यांनी सांगितलं. म्हातारीनं मला विचारलं, ‘‘काय म्हनायलेत?’’ मी म्हणालो, ‘‘शिकवायलेत, मावशी.’’ ती म्हणाली, ‘‘शिकू दे.’’

मग मी बेस पूर्ण बंद करून तासभर वाजवलं. नुसता वरचा बारीक ठोका आणि सूर, लोकांच्या बोलण्याच्या खाली राहील इतकाच. कुणी नाचलं म्हणावं असं नाचलं नाही, पण उभ्या असलेल्या मुलांचे खांदे हलायला लागले, मग गुडघे. गल्लीतली दोन लेकरं गोल फिरत होती. पहिली आलेली मुलगी हार काढून स्टेजवरून खाली उतरली आणि माझ्याकडं येऊन म्हणाली, ‘‘आठवलं नाही. पण हे चालेल.’’ आणि मुलींच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली. सर घड्याळ बघत होते, पण त्यांनी थांबवलं नाही. मला वाटतं त्यांना थांबवायचं कसं ते कळत नव्हतं. यादीत ते नव्हतं.

आठवड्यानं सरांनी चौकात मोठा फलक लावला. फोटो आमच्याच कार्यक्रमाचा. मैदानाच्या मधोमध डोक्यावर हात घेतलेली गल्ली, आणि खाली अक्षरं: असा जल्लोष फक्त आमच्याकडं. अर्धी दाढी केलेला माणूस स्पष्ट दिसत होता. पुढं वर्षभर लोक त्याला विचारायचे की तुमचा मुलगा कितवा आला. त्याला मुलगा नव्हता.

लातूरची कामं आम्हाला नंतर बरीच मिळाली, त्या फलकामुळंच. पण चाचांनी एक पद्धत घातली. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं आजूबाजूच्या गल्ल्यांत घरोघरी जायचो आणि सांगायचो की अमुक वाजता हादरेल, ते मशीन आहे, घाबरू नका. नांदेडला कुणी हे करत नाही. लोक आम्हाला बसवायचे, चहा द्यायचे आणि बहुतेक घरांत त्या वेळची आपापली गोष्ट सांगायचे. दुपार व्हायची. सांगितलेली बरीच माणसं मग संध्याकाळी कार्यक्रमालाच यायची, आणि चाचा मला कोपरानं ढोसायचे.

एका घरी निवृत्त हेडमास्तर होते. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं, चष्मा लावला आणि म्हणाले, ‘‘लेखी द्या.’’

मी वहीचं पान फाडून लिहिलं की आज दुपारी चार ते सहा या वेळात जमीन हलल्यास ती आमच्यामुळं हलली असं समजावं, आणि खाली सही केली. मास्तरांनी ते दोनदा वाचलं. मग पेन मागून घेतलं आणि सहाच्या पुढं स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली: सहानंतर हलल्यास आम्ही जबाबदार नाही. त्यावर त्यांनी माझी आणखी एक सही घेतली.